नाव न विचारणाऱ्यांचे आभार

गेल्या श्रावणात मी पहिल्यांदा अल-ॲनॉनच्या मीटिंगला गेले. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा हा गट, मूळचा अमेरिकेतला, १९५१ सालचा. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ह्यांच्या स्कूटरचा आवाज आला की माझी छाती धडधडते आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

दारातूनच परत फिरणार होते. हिरव्या साडीतल्या एका काकूंनी काही न विचारता शेजारची खुर्ची ओढली, फुलपात्रात पाणी दिलं. तासभर मी नुसती रडले. कुणी "रडू नका" म्हटलं नाही, उपाय तर नाहीच सुचवले. (माहेरच्यांनी नवससुद्धा सुचवून झाले होते!) मीटिंग संपल्यावर एक आजोबा म्हणाले, "त्यांची दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुमच्याच्यानं ती आवरणार नाही, बरीही होणार नाही." पंधरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांची अजून सुटलेली नाही. मी मात्र कपाटातल्या बाटल्या हुडकणं सोडलंय. झोप लागते.

तिथे आडनाव कुणी सांगत नाही. ठाऊक असतं तरी इथे लिहिलं नसतं. काकू, आजोबा आणि चहाचे कप विसळणारी ती मुलगी, मनापासून आभार. गुरुवारी येतेय.