वैशाखाचं ऊन आषाढात दाखवून देणाऱ्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा ऊसतोडीची गडबड होती, निरोप द्यायला यायचं राहून गेलं. ते मनाला लागून आहे. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे माझ्यासारखे वळू-रेडे सांभाळणारेही वाचतील.

मंगळवेढ्याकडच्या आमच्या वस्तीवर पंढरपुरी रेडा एकच, माझा. खांद्यामागं गेलेली तलवारीसारखी शिंगं, अंगानं भरलेला. आसपासच्या म्हशी त्याच्याकडंच यायच्या. गेल्या वर्षी आषाढात मात्र एकेक करून उलटायला लागल्या. आज रेड्याला दाखवून नेलेली म्हैस गाभण न राहता एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर. शेजारच्या आक्कांची म्हैस तर दोनदा उलटली, आणि त्यांचं घर दुधावर चालतं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण माणसं म्हशी घेऊन दुसऱ्या गावाला जायला लागली. एकानं ताकदीचं औषध म्हणून बाटल्या पाजायला लावल्या, पैसे गेले, फरक काही नाही. शेवटी मी व्यापाऱ्याशी बोलून ठेवलं.

तुम्ही आलात आणि रेड्याच्या आधी वरच्या पत्र्याकडं बघितलंत. "चैत्र-वैशाखात इथंच बांधत होता?"

इथंच. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली. ओढा आटलेला, डुंबायला पाणी नाही, पुढ्यात नुसता कडबा.

मग तुम्ही मला रेड्याच्या पोटाला हात लावायला सांगितलंत आणि लगेच खाली वृषणाला. खालचा भाग गार लागला. इतकी वर्षं जनावरं सांभाळतोय, पण हे कधी हाताला कळलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, तिथं अंगापेक्षा चार-पाच अंश कमीच उष्णता लागते, म्हणून तर ते बाहेर लोंबतात. थंडीत वर ओढले जातात, उन्हात आणखी खाली येतात. पण आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो आणि रेड्याचं अंग साडेअडतीसच्या आसपास. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असली, तर लोंबून गार होणार कसं? त्यात काळं कातडं आणि घाम कमी. सावली-पाण्याशिवाय त्याला दुसरा इलाज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही पुढं सांगितलंत. रेड्याचं बीज तयार व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. वैशाखात उन्हानं जे बिघडलं, ते आषाढात दिसतं, तोवर ऊन विसरलेलं असतं. रेडा बघायला धडधाकट, म्हशीवर जातोही, पण म्हैस राहत नाही. आणि जे दोन महिन्यांनी बिघडतं, ते तेवढ्याच काळात सुधारूही शकतं.

"विकू नका. दसऱ्यापर्यंत थांबा. तसंही म्हशींचा खरा माज पावसाळ्यानंतरच आहे."

तुमच्या त्या शब्दावर मी व्यापाऱ्याला परत पाठवलं. रेड्याला कडुनिंबाखाली हलवलं, मका-घास सुरू केला, क्षारमिश्रण चालू केलं. दसऱ्यानंतर आक्कांची म्हैस दाखवली आणि ती राहिली. यंदा श्रावणात व्याली, पारडी झाली. आक्कांनी खरवस आणला तेव्हा पहिलं नाव तुमचं काढलं.

यंदाच्या उन्हाळ्यात पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाकला. दुपारी दोनदा पाणी मारायचो, म्हैस दाखवायची ती भल्या पहाटे, आणि आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त नाही. यंदा आषाढ सुखाचा गेला.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतला एक पोरगा आला होता. त्याचा वळू लाळ्या-खुरकुतातून नुकताच उठलाय, चार दिवस अंगात सणसणून ताप होता, आणि आता गाई उलटतायत म्हणून तो बाजार विचारत होता. तापाचंही उन्हासारखंच असतं, हे तुम्ही सांगितलेलं मी त्याला सांगितलं. दोन महिने थांबतो म्हणालाय.

आपला नम्र,
मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी