पिवळं पाणी

संपादक साहेब, नमस्कार.

नदीच्या पाण्यातले विषाणू शोधण्याबद्दलची कालची बातमी दोनदा वाचली. चांगलीय, मान्य. पण 'आता नदीतले विषाणूही सापडणार' असं जे कौतुकानं लिहिलंय त्यावर आम्ही इचलकरंजीकरांनी टाळ्या वाजवायच्या का काय? 2012 च्या काविळीत पंचगंगेतले विषाणू घराघरात सापडलेच की, कुठलं मशिन न लावता.

माझी बहीण तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. गल्लीत दोन-चार जण पिवळे पडले तसा एकजण पाणी तपासायला आला, ओटी टेस्ट म्हणतात ती, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणाला, काकू, क्लोरीन आहे, बिनधास्त प्या. आईनं हंडा भरला. त्याला दोष देत नाही मी, त्या टेस्टला क्लोरीन दिसतं, विषाणू नाही. लॅबला पाठवलं तरी तिथं बघणार ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, आणि ते जंतू मेले म्हणजे विषाणूही मेला असं नसतं हो. दिल्लीत 1955-56 ला हेच झालेलं, नाल्याचं पाणी यमुनेत जिथनं शहराला पाणी उचलतात तिथवर उलटं आलं, क्लोरीन वाढवलं, टायफॉइड जंतूंचा, तो वाढला नाही, पण कावीळ विषाणूची, ती 29 हजारांवर लोकांना झाली. 2012 लाच त्याला पन्नासच्या वर वर्षं झालेली की, आणि आम्ही अजून थेंबच टाकतोय!

बहिणीला पण कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले हेपेटायटिस ई आहे, घाण पाण्यातनं होणारी कावीळ, पोटुशी बाईला फार जड जाते. मग आईनं तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे पण नेलं, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, म्हणे उतरली. एकानं थेंब टाकून पिवळं केलं, दुसऱ्यानं हात धुवून, दोघांचंही म्हणणं काळजी नको. बहीण वाचली. बाळाचं लिहीत नाही.

आणि साथ आल्यावर नमुने घ्यायला धावतात त्याला काय अर्थ आहे, ही कावीळ अंगात शिरल्यापासून डोळ्यात दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात, तोवर ते पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळून कर्नाटकात पोचलेलं असतं. कोविडात नाकात काडी घालून गल्लोगल्ली आरटीपीसीआर केली ना, मग नदीची का नाही, आजारी कोणी नसताना, दर आठवड्याला? भरपूर पाणी घेऊन त्यातला विषाणू आधी एका जागी गोळा करावा लागतो, खर्च आहे, माहितीये. सलाईनला पण खर्च येतो.

जाता जाता, त्याच बातमीच्या मागच्या पानावर छोट्या जाहिरातीत 'कावीळ एका दिवसात हमखास उतरवून मिळेल', मोबाईल नंबरासकट. ती किती दिवसांची बुक आहे तेवढं कळवा.

– एक यंत्रमागवाला, इचलकरंजी