आशाताई, आठव्या प्रश्नाबद्दल आभार

आशाताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून औसा तालुक्यातल्या एक आशाताई एवढंच लिहिते. गावात कळायचं त्यांना कळेलच.

पीसीएल-५ ही धसक्याची लक्षणं मोजणारी मूळ अमेरिकन प्रश्नावली. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. आमचं मराठी अगदी रीतसर झालं होतं. दोघींनी भाषांतर केलं, तिसरीने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत नेलं. आठवा प्रश्न तर शब्दाला शब्द जुळला: ‘घटनेतले महत्त्वाचे भाग आठवायला त्रास होतो का?’ आम्ही खूश.

मग तुमच्या ओट्यावर त्या मावशी आल्या. ‘हुतो की, लई हुतो,’ म्हणाल्या. मी ४ वर गोल केला. आणि त्या सांगत सुटल्या. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाची ती पहाट, गणपती बुडवून माणसं नुकती आडवी झालेली, दगडमातीची भिंत कुठल्या अंगाने आली, दिराने आधी कुणाला ओढलं, कंदील कुठे होता. तुम्ही माझ्या कागदात डोकावून हळूच म्हणालात, ‘मॅडम, हिला तर समदं आठवतंय. तुम्ही विसरल्याचे मार्क दिले.’

विचारत होतो विसरण्याबद्दल, मावशींनी ऐकलं ते आठवलं की जिवाला होणाऱ्या त्रासाबद्दल. उलट भाषांतरात हे सापडणं शक्यच नव्हतं, कारण तिकडेही शब्द बरोबरच होते! आता तिथे ‘काही केल्या आठवतच नाही असं काही आहे का?’ असं विचारतो. (मावशींना घरापर्यंत सोडून, त्यांच्याजवळ अंधार पडेपर्यंत बसलात, ते कुठल्याच अहवालात येणार नाही.)

‘अलिप्त वाटतं का?’ला तुम्ही हसलात, ‘अलिप्त तर संत असत्यात.’ तिथे ‘आपल्याच माणसांत परकं वाटतं’ आलं. आणि ‘मध्यम’, ‘बरंच’ यांत लोक गोंधळले, तेव्हा तुम्ही पिकाची आणेवारी काढलीत: अजिबात नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. शेतकऱ्यांनी पटापट उत्तरं दिली.

दहावा प्रश्न मात्र अडलाय. स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला दोष देता का, असं तो विचारतो. ‘आन् नशिबाला बोल लावला तर?’ या तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे रकाना नाही. पोळा झाला की येते, तेव्हा बसू.