शाहूराजे अजून खानदेशातच

सातारा,
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बस. एका ऑनलाइन दिवाळी अंकाला माझा लेख जायचाय, तारीख कधीच उलटलीय, आणि अशा वेळी माझ्या हातून बाकीचं लिखाण कसं भराभर होतं हे तुला नव्यानं सांगायला नको. संपादकबाईंचा काल फोन आला होता. आवाजात राग अजिबात नव्हता. त्यांनी मुळात दिलेली तारीखच खोटी होती. ते त्यांनाही माहीत, मलाही माहीत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हाही कुणीतरी 'दोन दिवसांत पाठवतो' असं कार्ड टाकलंच असणार. पैज लावतो.

बरं, मंडळींची खबर. रविवारी संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर आम्ही अजून जमतो. सगळे मोबाइलवर लिहिणारे. म्हणजे लिखाणाबद्दल बोलणारे, पण तेवढं तू समजून घेशील.

मास्तरांचं तुला सांगायलाच हवं. रिटायर झाल्यावर त्यांनी फेसबुकवर थोरल्या शाहू महाराजांवर मालिका सुरू केली. पहिला भाग काय लिहिला होता मर्दा! १७०७ साल, औरंगजेब गेलेला, आझमशहानं शाहूराजांना सोडलेलं, इतक्या वर्षांनी कैदेबाहेरचं आभाळ, पुढं नर्मदेचं पाणी. शेवटी 'क्रमशः'. खाली 'पुभाप्र, पुभाप्र' म्हणून, म्हणजे 'पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत', नुसती रांग लागली. दुसऱ्या भागात राजे खानदेशात आले. आणि तिथंच थांबले.

आता बघ, खरे शाहूराजे सुटल्यावर वर्षाच्या आत खेडची लढाई मारून, सातारा घेऊन, १२ जानेवारी १७०८ ला गादीवर बसले. तेही वाटेत फौज जमवत, सरदारांची मनं वळवत, ताराराणींशी झुंजत. मास्तरांना यातलं काहीच करायचं नाही, नुसतं लिहायचंय. तरी दोन पावसाळे झाले, राजे खानदेशात मुक्काम ठोकून आहेत. विचारलं की मास्तर चष्मा पुसत म्हणतात, "खानदेशातनं वाट नेमकी कुठून गेली ते कळल्याशिवाय पुढं कसं न्यायचं त्यांना?" त्या वाटेसाठी जुने नकाशे उतरवून घेतले. नकाशांमुळं कागदपत्रांची ओढ लागली, त्यासाठी मोडी शिकले. आता इतकी सुरेख मोडी येते की दर शनिवारी पोरांना शिकवतात. परवा मंडईत त्यांचा एक वाचक भेटला. मेथीची जुडी हातात धरून हळूच विचारतो, "सर, महाराज निघाले का?" मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "तयारी चालू आहे."

बँकेतल्या मॅडम कासच्या पठारावर कवितांची माळ लिहिणार होत्या, रोज एक फूल, रोज एक कविता, फोटोसकट. पठार इथनं तासाभरावर. पण कविता सुचते तेव्हा फुलं नसतात आणि फुलं असतात तेव्हा मार्चएंडची कामं नसली तरी ऑडिट असतं. कासची टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते ना, मॅडमचा कवितेचा हंगाम तिच्याच चालीनं चाललाय. मी तसं त्यांना म्हणालो, तर चिडायच्या ऐवजी खूश झाल्या. म्हणाल्या, "याच्यावरच लिहिते." अर्थात लिहिलं नाही.

वकिलाची तऱ्हा वेगळी. त्याला कामचुकार म्हणायची सोय नाही, कारण त्याच्या पाठीशी थेट समर्थ उभे आहेत. आपण सज्जनगडाच्या सावलीत वाढलो, आळसावर बोलणी खात. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आख्खा लेखनक्रियेवर आहे, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं होतं का? अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सरळ असाव्यात, पानाला भोवती मोकळी जागा सोडावी, बोरू, शाई, कागद कसे जमवावेत, सगळं बारकाईनं. वकिलाला हा समास पाठ. फक्त समर्थांनी ही तयारी ग्रंथ उतरवण्यासाठी सांगितली, आणि हा तयारीवरच ग्रंथ होईल इतका वेळ घालवतो. आधी मराठी टाइप करायला कीबोर्ड इनस्क्रिप्ट की फोनेटिक यात एक उन्हाळा गेला. मग फॉन्ट, मुक्ता बरा की बालू. मग बोलून टाइप करायचं ठरलं, तर फोननं 'फिर्यादी'चं 'फरियाद' केलं, त्यावर ह्याचा आठवडाभर संताप. लॅपटॉपवर 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'हेच अंतिम' अशा फायली आहेत. उघडून बघितल्या मी. तिन्हींत एकच ओळ, आणि ती ओळ म्हणजे शीर्षक. पण भोवतीची मोकळी जागा मात्र समर्थांना आवडली असती.

आणि मी? माझ्याबाबत एक शोध लागलाय, तो मात्र नीट ऐक. स्टॅनफर्डला जॉन पेरी म्हणून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९९६ साली टाळाटाळीवरच एक निबंध लिहिला, तोही पेपर तपासायचे टाळण्यासाठी. म्हणणं असं, की टाळणारा माणूस रिकामा कधीच बसत नाही. वरचं मोठं काम टाळता यावं म्हणून खालची सगळी कामं तो हौसेनं उरकतो. म्हणून यादीच्या डोक्यावर एखादं भलंमोठं काम ठेवून द्यायचं, म्हणजे बाकीची आपोआप होतात. २०११ साली त्यांना याबद्दल साहित्याचं इग नोबेल मिळालं. हसवणारं बक्षीस आहे ते, पण आमच्या घराकडं बघशील तर माणूस पूर्ण खरं बोलतोय हे पटेल. दिवाळी अंकाचा लेख डोक्यावर आल्यापासून मी गळका नळ बदलून आणला, लाइटबिलं वर्षवार लावली, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासली, आणि थोरल्या काकांना, ज्यांच्याशी जमिनीवरून बोलणं बंद होतं, त्यांना स्वतः फोन केला. बायकोनं हे ओळखलंय. परवा संपादकबाईंचा फोन तिनं उचलला, तर मी ऐकतोय, ही गोड आवाजात सांगतेय, "अहो, घाई करू नका, त्यांना सुचू द्या." खिडक्यांना रंग द्यायचा राहिलाय ना अजून.

तू म्हणशील, तारीख पुढची मागून घे आणि मोकळा हो. त्याचाही उपयोग नाही रे. १९९४ साली छापलेला एक अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी पुरा कराल? सरासरी ३४ दिवस म्हणाले. सगळंच बिघडलं तर? तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही पोरांनी मोडला. हे मी चौपाटीवर सांगितलं, तर वकील म्हणाला, "पण पुरा केला ना?" आणि सगळे एकदम गप्प झाले. भेळवाल्यालासुद्धा वाटलं कुणी गेलं की काय.

२०२६ च्या जानेवारीत ९९वं साहित्य संमेलन साताऱ्यात भरलं, तेव्हाची गंमत तर तू हुकवलीस. आदल्या वर्षी ही सगळी मंडळी शपथा घेऊन बसली होती, संमेलनाआधी प्रत्येकाचं एक पुस्तक. संमेलन आलं. आम्ही पहिल्या दिवसापासून हजर, पुस्तकं विकत घेतली, सह्या घेतल्या, परिसंवाद ऐकले, कुठं काय चुकलं त्यावर तावातावानं बोललो. मास्तर तर मोडीतलं नाव लिहून देत होते लोकांना, गर्दी जमली होती. शेवटच्या दिवशी मॅडमनी विषय काढलाच, पुस्तकांचं काय? वकिलानं शांतपणे सांगितलं, "नव्व्याण्णव आकडाच अडनिडा होता. शंभराव्याला काढू." ठराव एकमतानं मंजूर झाला.

तुझ्या येण्याचं लवकर ठरव. सप्टेंबरात कासला शनिवार-रविवारी झुंबड असते, मधल्या वारी ये. येताना मास्तरांसाठी खानदेशचा एखादा जुना नकाशा मिळाला तर आणू नकोस, फार विनंती आहे. आणि वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल मी काहीही विचारलं नाही, हेही त्यांना सांग. मागच्या वेळी विचारलं तेव्हा तू बाथरूमच्या फरशा बदलायला काढल्या होत्यास, आणि त्यांनी मला फोन करून पुन्हा विचारा म्हणून सांगितलं होतं, स्वयंपाकघराच्या राहिल्यात म्हणून.

तुझाच,
साताऱ्याचा