भिंतीवरची पुराची रेघ पुसू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत रंगकामाचे दिवस आहेत. पावसाच्या आधी दुकानाला एक हात मारून घ्यायचा, ही इथली जुनी रीत. गेल्या आठवड्यात शेजारच्या दुकानात रंगारी पॉलिश पेपरने भिंत घासत होता आणि घासता घासता २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ निघून गेली. दुकान नव्या भाडेकरूने घेतलंय. ती तपकिरी रेघ कसली, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळतंय.

माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. २६ जुलै २००५ ला पाणी आलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी दाराच्या चौकटीवर खिळ्याने एक खूण कोरून ठेवली होती. २०२१ साली, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटे पाणी पेठेत शिरलं तेव्हा आम्ही त्याच खुणेच्या भरवशावर वागलो. मशिनींची हेड स्टँडवरून काढून फळीवर ठेवली, गिऱ्हाइकांची कापडं त्याच्याही वर. खुणेच्या वर चांगलं हातभर. आमच्या ओळीत सगळ्यांनी असाच २००५ चा हिशेब धरला होता. आणि पाणी तो हिशेब ओलांडून वर गेलं. माळ्यावरून खाली बघताना फळी दिसेनाशी झाली, तेवढंच मला आठवतंय.

वरून सह्याद्रीचं पाणी, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी, खाली दाभोळ खाडीची भरती आणि मध्ये गाळाने उथळ झालेली आमची वाशिष्ठी नदी, हे सगळं आम्ही नंतर शिकलो. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने कोकणातली कौलं उडवली होती, आंबा झोडपला होता, कोरोनाने दुकानं बंद होती. त्यावर हा पूर. अर्थात त्याच पावसात खेडचं पोसरे आणि महाडचं तळीये दरडीखाली गेलं. तिथल्या माणसांसमोर आम्ही आमच्या मशिनींचं दुःख काय सांगायचं!

पाणी ओसरल्यावर गाळ राहिला. त्या गाळाचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. घोटाभर चिखलात उभं राहून आम्ही गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस ओळखत होतो. बाहेरगावच्या महापालिकांचे सफाई कामगार आले, कॉलेजची मुलं फावडी घेऊन आली, मोहल्ल्यातून खिचडीचे टोप आले. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. दापोलीकडचे एक म्हातारे मशीन दुरुस्तीवाले मिस्त्री रॉकेलचा डबा आणि दाढीचा ब्रश घेऊन आले आणि आमच्या पायरीवर आठ दिवस बसले. एकेक शटल उघडायचं, ब्रशने गाळ काढायचा, रॉकेलमध्ये बुडवायचं, पुसून तेल द्यायचं. पेठेतल्या कुणाचीही मशीन असो. मजुरी घेतली नाही. माझ्या पाचांपैकी तीन मशिनी त्यांनी चालत्या केल्या. पुरानंतर पन्नासाव्या दिवशी, १० सप्टेंबरला, गणपती आले. त्यातल्या एका मशिनीवर पहिलं काम शिवलं ते समोरच्या घरातल्या मखराच्या पडद्याचं. टाका मध्येच सुटत होता, पण पडदा झाला.

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. त्याची पुस्तकं भिजून लगदा झाली. आज तिथे पुन्हा कपाटं भरलेली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीच्या साखळी उपोषणाला सामान्य दुकानदार, बायाबापड्या येऊन बसल्या, मीही एक दिवस बसले. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ निघू लागला. हे गाव स्वतःच्या पायावर उभं राहिलं, हे मी अभिमानाने सांगते. पण उभं राहिल्यावर आपण किती लवकर विसरतोय, याची मला भीती वाटते.

सरकारी नकाशावर निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यावरून इथे बरंच रान उठलं, आणि ज्याचं घरच रेषेत आलं त्याचा संताप मला समजतो. पण नकाशा कचेरीत असतो. भाडेकरू, नवी सून, शिकायला आलेली मुलं यांना डोळ्यांसमोर दिसते ती भिंतच. माझ्या सासऱ्यांच्या खुणेने आम्हाला फसवलं असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. ती खूण नसती तर मशिनी जमिनीवरच राहिल्या असत्या आणि एकही वाचली नसती. फसलो ते एकच खूण होती म्हणून.

म्हणून माझी विनंती आहे की पेठेतल्या, खेंडीतल्या, मुरादपूरच्या, वडनाक्याच्या प्रत्येक इमारतीवर २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांच्या पातळ्या तारखेसह पक्क्या रंगाने लिहाव्यात. नगरपरिषदेने हे काम हाती घ्यावं. ज्यांना आठवतंय अशी माणसं अजून आहेत, तोवरच हे नीट होईल. आपल्या वृत्तपत्रानेही वाचकांकडून अशा खुणांचे फोटो मागवावेत.

माझ्या दुकानाचा रंग काल झाला. रंगाऱ्याला मी वीतभर पट्टा तसाच सोडायला सांगितला. "ताई, वाईट दिसेल हो," म्हणाला. मग त्यानेच बारीक ब्रश घेऊन रेघेखाली तारीख लिहून दिली, आणि चौकटीवरच्या खिळ्याच्या खुणेतही थोडा लाल रंग भरला.

आपली नम्र,
एक वाचक, बाजारपेठ, चिपळूण