भावांच्या स्पर्धेला खतपाणी कोण घालते?

संपादक महोदय,

प्रणयप्रधान विनोदी चित्रपट हलकाफुलका समजून बाजूला सारण्याची सवय मला अन्यायकारक वाटते, म्हणून दिग्दर्शक एडवर्ड बर्न्स यांच्या ‘शीज द वन’ (१९९६) या अमेरिकी चित्रपटाविषयी लिहीत आहे. अत्यंत तुटपुंज्या खर्चात केलेल्या त्यांच्या पहिल्याच चित्रपटाला १९९५ साली अमेरिकेतील सनडान्स या स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता आणि त्या यशाच्या छायेत हा दुसरा चित्रपट काहीसा झाकोळला गेला.

न्यूयॉर्कमधील आयरिश वंशाच्या कुटुंबातील मिकी टॅक्सी चालवतो, धाकटा फ्रान्सिस वॉल स्ट्रीटवर बक्कळ पैसा कमावतो. आणि ज्या हेदरशी मिकीचे लग्न ठरून मोडले होते, तिच्याशीच विवाहित फ्रान्सिसने संबंध जोडलेले असतात. वरवर पाहता हा दोन भावांमधला एका स्त्रीवरून झालेला झगडा वाटतो. परंतु मुलांच्या हाती मुष्टियुद्धाचे हातमोजे देऊन ‘आपसात मिटवा’ असे सांगणारे वडील पाहिले, की या वैराला वर्षानुवर्षे खतपाणी कुठून मिळाले हे लख्ख दिसते. त्या घरातील आई पडद्यावर एकदाही येत नाही, हे मला फार बोलके वाटले. स्त्री पात्रे मात्र आणखी ठसठशीत हवी होती, विशेषतः फ्रान्सिसची उपेक्षित पत्नी रेने.

आपल्याकडील फिल्म सोसायट्यांनी हा चित्रपट जरूर दाखवावा आणि त्यानंतर चर्चाही ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

– एक चित्रपटप्रेमी वाचक, नाशिक