भाऊ, तुमच्या वावरातल्या त्या बोंडांसाठी

भाऊ, नमस्कार.

2017 च्या डिसेंबरात दहावीची मुलं घेऊन मी तुमच्या वावरात आले होते. त्या प्रकल्पाचा तक्ता विज्ञान प्रदर्शनात लागला, तेव्हा खाली आभाराच्या ओळीत मुख्याध्यापक होते, संस्था होती, पालक होते. तुम्ही नव्हता. तो तक्ता मी स्वतः तपासला होता. ही चूक माझी आहे आणि ती मला आजही टोचते, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव मात्र घालत नाही. "आपली नापिकी काय छापाची, म्याडम," असं तुम्ही तेव्हा म्हणाला होता. गावाला कळेलच.

ते वर्ष कसं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे जीव गेले होते. त्यात उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडअळीनं खाल्ली. मी बांधावरून भीतभीतच विचारलं होतं, कारण नुकसान झालेल्या माणसाच्या वावरात अभ्यासाला जायचं म्हणजे जखमेवर बोट ठेवणंच. तुम्ही म्हणालात, "आना पोट्टे. कापूस तं गेलाच हाय, त्याइले पाहू तं द्या." आणि शेवटच्या फवारणीला पुरते दिवस होऊ दिलेत, तोवर एकालाही धुऱ्याच्या आत पाय टाकू दिला नाही.

पहिलं बोंड तुम्हीच फोडलंत. बाहेरून हिरवंगार, टणक, छिद्राचा मागमूस नाही. अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि तिची वाट मागून बुजते, हे तुम्ही मुलांना दाखवलंत. अंगठ्यानं दाबल्यावर पाकळी उघडली, आत पिवळट कवडी झालेला कापूस आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत बसलेली गुलाबी अळी. मागच्या मुली पुढे आल्या त्या तेव्हापासून. मग डोमकळ्या शोधणं सुरू झालं. पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, हे मी पुस्तकातून शिकवलं होतं. ओळखायला शिकवलंत तुम्ही.

मुलांचा प्रश्न एकच होता. बीटी, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये आलं, त्याच्या पानात, बोंडात अळीला मारणारं प्रथिन आहे, मग ही अळी जगली कशी? एकीनं उत्तर दिलं, "तिनं विषाची सवय करून घेतली." वर्गात दरवर्षी हेच उत्तर येतं. परीक्षेपुरतं मी ते खोडते आणि मुलं तेवढ्यापुरतं मान्य करतात. त्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. त्या सहज बोलल्या, "आमच्याकडं बांधीत निंदाले जाऊ, तं जो कचरा धानासारखा दिसे तो हातून सुटे. मंग त्याचंच बी पडे. दर साली थो जास्तच धानासारखा."

भाऊ, मी उत्क्रांती कित्येक वर्षं शिकवते आहे. नैसर्गिक निवड यापेक्षा स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलेली मी ऐकली नाही. तणानं काही ठरवलं नव्हतं, निंदणाऱ्या बाईनंही नव्हतं. वेगळं दिसणारं उपटलं गेलं, सारखं दिसणारं राहिलं आणि त्याचीच पिढी वाढली. पिकासारखं दिसत जाणाऱ्या तणांच्या या प्रकाराला निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. काकूंना हे नक्की सांगा.

मुलांनी ते लगेच अळीला लावून पाहिलं. लाखो अळ्यांत थोड्या मुळातच वेगळ्या होत्या, बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. मग तुम्ही बियाण्याच्या पाकिटाची गोष्ट काढलीत. 450 ग्रॅम बीटी आणि सोबत 120 ग्रॅमची साध्या सरकीची पुडी. "ते तं आमी फेकूनच देत होतो, काहून लावाची कोणी सांगतलंच नाही." ती वावराच्या कडेनं लावायची होती, म्हणजे तिच्यावर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ होत राहील. ही अळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते, तिला दुसरा आसराच नाही. त्यात फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं पुढच्या वेचणीसाठी राखली, की तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. यात तुमचा दोष शोधायला मी तयार नाही. ज्यांनी पुडी दिली त्यांनी तिचं कारण समजेल असं सांगायला हवं होतं.

आणि ती पाच गावरानी, म्हणजे देशी कपाशीची झाडं! काकूंनी वातींसाठी धुऱ्यावर राखलेली. त्यांच्याकडे आणि वावरातल्या बीटीकडे, म्हणजे अमेरिकन जातीच्या कपाशीकडे, बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हे अन् अमेरिकन शेजारी शेजारी हायेत, माशा दोन्हीवर बसते, पण मधलं झाड काही निंगालं नाही." पुस्तकात ज्याला जातिउद्भव, म्हणजे एका जातीतून वेगळी जात होणं, म्हणतात, त्याची खूण तुम्ही इतकी वर्षं पाहत होता. पुढच्या हंगामात मुलांनी करूनच पाहिलं. संध्याकाळी उमलायच्या आधीच्या कळीतले पुंकेसर नखानं काढायचे, कागदाची टोपी घालायची, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. अमेरिकनचे पराग लावलेली गावरानीची सगळी फुलं आठवड्यात गळाली. गावरानीला गावरानीचेच पराग लावले, तिथं बोंडं धरली.

कारण गुणसूत्रांत आहे. गावरानीत 26, अमेरिकनमध्ये 52. दोघींचं मूल झालंच तर ते 39 चं, आणि 39 ची नीट जोडी लागत नाही, म्हणून ते वांझ राहतं. मुलांना सगळ्यात आवडलं ते पुढचं. अमेरिकन कपाशीच्या 52 पैकी अर्धी गुणसूत्रं गावरानीच्या जवळच्या नात्यातली आहेत. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी तिकडे अमेरिका खंडात दोन वेगळ्या कपाशींचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि एक नवी जात उभी राहिली. एक मुलगा म्हणाला, "म्हंजे अमेरिकन आपल्या गावरानीची भाचीच झाली की!" मी त्याला चूक म्हटलं नाही.

तुमचं त्या वर्षीचं नुकसान किती झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण ज्या वावरात घरच्या माणसालाही जावंसं वाटत नव्हतं, तिथं तुम्ही चाळीस मुलांना दुपारभर उभं राहू दिलंत, एकेक बोंड फोडून दाखवलंत आणि सगळ्यांना चहा पाजलात. याबद्दल मी तुमची आणि काकूंची मनापासून ऋणी आहे.

यंदाच्या मृगात शाळेच्या कुंपणालगत गावरानीची एक ओळ लावायची आहे. काकूंना सांगून मूठभर सरकी राखून ठेवा. रविवारी मुलं न्यायला येतील, आणि यावेळी तक्त्यावर पहिलं नाव कुणाचं घालायचं ते मी त्यांना तुमच्या अंगणातच सांगेन. नाही म्हणू नका.

तुमची,
शाळेतली विज्ञानाची मॅडम